सम्राटाचा कान

डोंगरातला तळ
मुक्तीचे पहिले वर्ष, आव महिना

(शेलाम ताई, नवमीच्या उपासाला हे सभास्थानात वाच. तुझ्या आवाजात, मोठ्याने.)

एन-गेदीच्या खजूरबागांत राबणाऱ्या माझ्या बांधवांनो,

आज तुम्ही उपाशी आहात आणि साठ वर्षांपूर्वी जळालेल्या मंदिरासाठी रडत आहात. रडा. पण रडून झाले की कमरेची पिशवी सोडा आणि एक दिनार तळहातावर घ्या. आपले आजोबा दरसाल दोन दिनार त्या मंदिराला देत. मंदिर जळाले, वसुली मात्र थांबली नाही. रोमने ती स्वतःकडे वळवली. तुमच्या घामाचे ते दोन दिनार आता समुद्रापलीकडे त्यांच्या देवाच्या देवळाला जातात. तीन वर्षांचे पोर त्यातून सुटत नाही, विधवा सुटत नाही. आपल्या देवाचे घर पाडणाऱ्याने त्याच्या देवाचा तेलवातीचा खर्च आपल्याच गळ्यात मारला आहे!

आता त्या दिनारवरचे सम्राटाचे तोंड पाहा. कांदे घेताना तेच, लेकीचे लग्न ठरवताना तेच. साठ वर्षे हा मनुष्य आपल्या भाकरीशेजारी न बोलावता जेवायला बसला आहे.

त्याला उठवू या. मी पलत्या, मत्तन ठसेकाऱ्याचा मुलगा, तुमच्याच झऱ्याचे पाणी पिऊन वाढलेला. इथे बंडाच्या तळावर टाकसाळ माझ्या हातात आहे. आपल्याकडे रुप्याची खाण नाही आणि तिची गरजही नाही. शत्रूचे नाणे तापवायचे, ठशावर धरायचे आणि घण घालायचा. जिथे त्याचे नाक होते तिथे द्राक्षांचा घड उमटतो. जिथे त्याचे नाव होते तिथे आपल्या पूर्वजांच्या जुन्या लिपीत अक्षरे उठतात: ‘वर्ष पहिले, इस्राएलचा उद्धार.’ आजोबांनी जळत्या शहरातून पायताणात लपवून आणलेले तांब्याचे नाणे माझ्यासमोर आहे. ती अक्षरे मी त्यावरूनच शिकलो.

पौर्णिमेच्या आत तुमच्याकडचे दिनार पाठवा. जितके पाठवाल तितकेच परत येतील, फक्त तोंड बदलून. न्यायला माझा घणकरी यकीम येतो आहे.

पलत्या

*

एन-गेदी
पहिले वर्ष, एलुल महिना

शेलामत्सियोनकडून चुलतभाऊ पलत्याला, शालोम.

वाचलं रे बाबा, मोठ्याने वाचलं. बायका ढसाढसा रडल्या. पुरुषांनी नाकं ओढली आणि धूळ गेली म्हणून सांगितलं. मग मागून कोणीतरी विचारलं, “पण खाऱ्या समुद्रापलीकडचे नबाती नावाडी घेतील का ही नवी नाणी?” तुझ्या एवढ्या भाषणाचं एवढंच फळ! मी सांगितलं, रुपं ते रुपंच, नबात्याला खजुराशी मतलब.

झबदी आजोबा पहिले उठले. सभास्थानाचे वडील म्हणून पहिला मान त्यांचा. काठी टेकत आले आणि पिशवी माझ्या ओटीत उपडी केली. त्यांचे डोळे आता पार गेलेत रे. परवा अंगणात सुनेला शेळी समजून हुसकत होते आणि ती बिचारी हातात ताट घेऊन उभी. पण नियमशास्त्र तोंडपाठ, त्यात अक्षर चुकत नाही.

तुझा यकीम येऊन गेला. उजव्या अंगठ्याला नख नाही. घण चुकला म्हणाला. तेहिनाने त्याला झऱ्याचं पाणी दिलं. झरा किती जवळ आहे तुला माहीत आहे, तरी ते पाणी यायला ऊन कलण्याची वेळ झाली. माझी लेक एकोणीस वर्षांची आहे, बाप नाही, तेव्हा तिची मालक तीच. पण पुढच्या वेळी न्यायला कोणीतरी म्हातारा पाठव.

सोबत एक टोपली खजूर आहेत. यकीमला मोजून दिलेत असं समजू नकोस, पण कमी आले तर मला कळव.

*

तळ
दुसरे वर्ष, तिश्री महिना, मांडवाच्या सणाच्या आधी

पलत्याकडून शेलाम ताईस, शालोम.

नाणी पाठवतो आहे. तिश्रीबरोबर नवे वर्ष लागले, म्हणून ठसाही नवा. यंदाचा मी स्वतः कोरला: मधे खजुराची झावळी आणि भोवती ‘वर्ष दुसरे, इस्राएलची मुक्ती’. सणाला तुम्ही हातात धरता ना, तीच झावळी. तुमच्याच बागेतली मनात धरून कोरली.

घेऊन पुन्हा यकीमच येतो आहे. म्हातारा मिळाला नाही. इथे म्हातारे सगळे तटबंदीवर आहेत आणि तरुण मला घणाला लागतात.

एक गंमत सांगतो. यकीमने यंदा आपली मजुरी म्हणून एकच नाणे मागून घेतले आणि ते निवडायला अर्धा दिवस टोपलीशी बसला. मी म्हटले, “अरे, एका ठशाची सगळी. काय निवडतोस?” म्हणाला, “काका, तुम्हाला ती सारखी दिसतात. घाव माझे आहेत.” कोणासाठी विचारले तर म्हणाला, आईसाठी. त्याची आई तो सात वर्षांचा असताना वारली. मी पुढे विचारले नाही.

*

एन-गेदी
दुसरे वर्ष, तिश्री महिना, सण संपल्यावर

पलत्या,

आईसाठी! वा. तुझ्या टाकसाळीत खोटं नाणं निघत नाही म्हणे.

सणाच्या तिसऱ्या दिवशी झऱ्यावर, दोन साक्षीदारांसमोर, त्याने ते नाणं माझ्या तेहिनाच्या हातावर ठेवलं आणि वाग्दानाचे शब्द म्हटले. तिने मूठ मिटली. झालं वाग्दान. मला कधी कळलं? तर साक्षीदार माझ्याकडे गोड मागायला आले तेव्हा.

पण ते वाग्दान टिकलं नाही. तुझ्याच नाण्यामुळे. ते झबदी आजोबांपुढे गेलं तेव्हा दिसलं की झावळीच्या देठापाशी, अगदी काठाला, खालच्या सम्राटाचा कान शिल्लक आहे. आख्खा कान, पाळीसकट. शेजारी रोमनांच्या लिपीतली दोन अक्षरं. आजोबा म्हणाले, “बाजारातल्या दिनारवर तो असला तर असो, तिथे तो व्यापारी आहे. पण इस्राएलच्या मुक्तीच्या नावाखाली, सणाच्या झावळीखाली त्याचं तोंड ठेवलंत तर ती मूर्ती झाली. मूर्तीचा उपयोग करायला आपल्याला बंदी आहे. जिचा उपयोग नाही तिची किंमत नाही. म्हणजे मुलाने मुलीला काहीच दिलं नाही, आणि किमतीचं काही दिल्याशिवाय वाग्दान होत नाही.”

मुलगी मोकळी आहे. शिवाय मूर्ती खाऱ्या समुद्रात टाकायची असा नियम, म्हणून तू पाठवलेली सगळी नाणी किस्लेवच्या अमावास्येला किनाऱ्यावर जमवून टाकायची ठरली आहेत.

यकीम न जेवता परत गेला. तेहिना माझ्याशी बोलत नाही. मी काय करणार? म्हाताऱ्याचा शब्द आहे.

शेलाम

*

तळ
दुसरे वर्ष, मार्हेश्वान महिना

ताई,

तुझे पत्र टाकसाळीत उभ्याने वाचले आणि घण थांबवायला सांगितला. इथे घण थांबला की लोकांना वाटते रोमन आले.

कानाचा गुन्हा माझा आहे. यकीमचा नाही. नाणे ठशावर धरण्याआधी कानशीने घासून तोंड काढता येते. मोठ्या नाण्यांचे आम्ही काढतो. दिनारांचे काढू नका, हे मीच सांगितले. कानस रुपे खाते, आणि रुपे तुमचे होते. पण खरे कारण ते नाही. त्या सम्राटाला गुळगुळीत, शांत मरण मला द्यायचे नव्हते. आपल्या घणाखाली चेंगरलेला तो लोकांना दिसावा असे वाटत होते. झावळीखालून बाहेर आलेला कान ही पूजा आहे का? दगडाखालून बाहेर आलेली विंचवाची नांगी बघून कोणी हात जोडतो का? मग आपल्या घावाखाली मेलेल्याला म्हातारे देव का म्हणतात? आजोबांना माझा नमस्कार सांग, आणि सांग की एक घण येऊन मारून बघा, मग ठरवा तिथे कोण उरले आहे ते!

हे झाले सभेसाठी. आता फक्त तुझ्यासाठी.

ताई, मी ठसे कोरतो. जवाच्या दाण्याएवढ्या खुणा पाहणे हा माझा धंदा आहे. तो कान काठाला आहे आणि तिरप्या उजेडात धरल्याशिवाय मलासुद्धा दिसत नाही. यकीमने अर्धा दिवस पाहिले, त्यालाही दिसला नाही, कारण तो झावळी बघत होता. आणि तू लिहितेस, झबदी आजोबांना दिसला. सून आणि शेळी ज्यांना वेगळी दिसत नाही त्यांना.

नाणे उजेडात कोणी धरले, ताई?

पलत्या

*

एन-गेदी
दुसरे वर्ष, किस्लेव महिना

पलत्या,

मी धरलं.

तेहिनाच्या मुठीतून मागून घेतलं, बघू म्हटलं, सुंदर आहे म्हटलं. दाराशी उन्हात नेलं आणि चूक शोधायला लागले. काहीतरी सापडेल म्हणून. सापडलं. मग आजोबांचा अंगठा धरून त्या काठावरून फिरवला आणि म्हटलं, “आजोबा, हे काय लागतंय?” त्यांनी जे सांगितलं ते नियमाने खरंच आहे. पण त्यांच्या अंगठ्याला वाट मी दाखवली.

तुला कारण हवं असेल. माझ्या नवऱ्याला पुरून आठ वर्षं झाली आणि तो तर लढाईत नव्हे, तापाने गेला. तरीही मला अजून सकाळी दोन भाकऱ्या जास्त थापायची सवय जात नाही. तुझ्या डोंगरावरून दर महिन्याला कोणी ना कोणी झाकून खाली येतं. माझ्या पोरीने त्या रांगेत का उभं राहायचं? म्हणून मी सम्राटाचा कान धरला. हसू नकोस.

आता पुढचं ऐक.

अमावास्येला सगळं गाव किनाऱ्यावर. नाणी टोपलीत, आजोबा दगडावर बसलेले, मी त्यांच्या शेजारी. तेवढ्यात तेहिना आली, गळ्यात लोकरीचा दोरा आणि त्यात ते नाणं. मधोमध नाही, काठाला भोक. बरोबर कानात!

“आजोबा, हात द्या,” म्हणाली आणि त्यांचा अंगठा धरून भोकावर ठेवला. मी फिरवला होता तस्साच.

आजोबा म्हणाले, “कान गेला.”

“गेला. तुम्हीच शिकवलंत ना, मूर्तीच्या कानाचं टोक मोडलं की ती मूर्ती राहत नाही, नुसता धातू होतो?”

“शिकवलं. पण पोरी, ते आपल्या हाताने मोडून चालत नाही. परक्यांची मूर्ती परक्यानेच मोडावी लागते. आपण कितीही ठोकली तरी ती मूर्तीच.”

“माहीत आहे. म्हणून तर यकीमचा घण चालला नाही. हे भोक ओबदाने पाडलं.”

ओबदा तो नबाती नावाडी, आपले खजूर पलीकडे नेतो तो. नाव ओढून तिथेच बसला होता, शीड शिवायचं दाभण अजून हातात. आजोबांनी त्याला विचारलं, “तू पाडलंस?” तो म्हणाला, “मी पाडलं. तिने तीनदा बजावलं, मीच पाडायचं, तिने हात लावायचा नाही. माझ्या दाभणाचं टोक वाकलं, म्हातारबुवा. तुमच्या देवाचे कायदे पाळायला आता मी लागतो का?”

आजोबा असे हसले की मला त्यांना धरावं लागलं. मग ते म्हणाले, “नाणं शुद्ध आहे. ज्यांच्यावर काही दिसतं ती सगळी याच्याकडे द्या. बाकीची घरी न्या.” ओबदा अंधार पडेपर्यंत भोकं पाडत बसला. एकही नाणं समुद्रात गेलं नाही. गावातल्या अर्ध्या बायकांच्या गळ्यात आज तुझी झावळी आहे.

ऐकलंस ना, पलत्या? तुझ्या एवढ्या घणाने तो मेला नव्हता. एका मूर्तिपूजकाच्या दाभणाने मेला. नियमशास्त्राला तुझं भाषण आवडलं नसावं.

पण एक गोष्ट राहिली. झऱ्यावर दिलं तेव्हा ते नाणं अशुद्ध होतं. तेव्हाचं वाग्दान गेलंच. यकीमने पुन्हा यायला हवं आणि पुन्हा द्यायला हवं.

उजेडात नाणं कोणी धरलं ते तेहिनाला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती बराच वेळ पीठ मळत राहिली. मग म्हणाली, “आई, तुझे डोळे चांगले आहेत.” तिसऱ्या दिवसापासून बोलायला लागली.

शेलाम

*

तळ
तेबेत महिना. वर्ष लिहीत नाही.

ताई,

तुझे पत्र वाचून आधी मी दिवसभर हसलो. मग ते पुन्हा काढून वाचले. इतके दिवस मी लोकांना सांगत होतो की आपल्या घणाने त्याला मारले. म्हातारे सांगतात, मारायलाही शेजारी लागतो. भाषणात हे कुठे बसवायचे ते सापडले की कळवीन.

पत्रावर वर्ष का नाही, असे तू विचारशील. नव्या नाण्यांवरही नाही. त्यांवर आता ‘यरुशलेमच्या मुक्तीसाठी’ एवढेच आहे. तू काय समजशील ते मला ठाऊक आहे, तू सगळे उजेडात धरून बघतेस. हो, खालच्या दोन वाटा रोमनांच्या हाती गेल्या. पण माझ्या आजोबांनी आणलेल्या, मागच्या बंडाच्या त्या नाण्यावर ‘वर्ष चौथे’ आहे, आणि पाचव्या वर्षाचे तांब्याचे नाणे मी आयुष्यात पाहिले नाही. वर्ष कोरले की कोणीतरी मोजायला बसतो. यरुशलेम कोरले की मोजण्यासारखे काही उरत नाही. आज नाही तर नातवाच्या हातात, ते नाणे तेच बोलेल. हे मी हरलेल्या माणसासारखे लिहीत नाही, ताई. ठसा आजही माझ्या हातून सरळ बसतो.

यकीमची गोष्ट वेगळी. त्याला सगळे वाचून दाखवले. भोकाचे ऐकताना त्याचे तोंड उजळले. मग म्हणाला, “काका, आजोबांचा पहिला निकालच राहू द्या. ती मोकळी आहे, मोकळीच बरी. मी खाली आलो आणि नाणे दिले तर उद्या तिला माझी विधवा व्हावे लागेल.” वर म्हणाला की माझ्या घावात कान सुटला, माझ्या घावात आणखी काय सुटेल कोणी सांगावे. मी रागावलो, समजावले. तो घण उचलून कामाला लागला. ताई, तुला जे हवे होते ते झाले आहे. तू आता सुखाने झोप.

पलत्या

*

एन-गेदी
आदार महिना. मीही वर्ष लिहीत नाही.

(पलत्या, हे टाकसाळीत मोठ्याने वाच. घण थांबवून. सगळ्यांनी ऐकायला हवं. तुझ्या आवाजात वाच, तुझा आवाज भरदार आहे.)

डोंगरावरच्या टाकसाळीत घण मारणाऱ्यांनो, भाता ओढणाऱ्यांनो, ठसे धरणाऱ्यांनो,

तुमची आणि आमची एकच तक्रार आहे. रोमने आपल्याकडून मंदिर घेतलं, शहर घेतलं, दरसाल दोन दिनार घेतले. हे पलत्याने तुम्हाला सांगितलंच असेल, तो झोपेतही तेच सांगतो. पण आणखी एक गोष्ट रोमने घेतली आणि ती आपण न मागता दिली. उद्या आपण मरू, या भीतीने आजचं लग्न थांबवायची अक्कल! ही अक्कल मलाही आली होती. मी तिच्यासाठी एक नाणं उन्हात धरलं आणि एका आंधळ्या म्हाताऱ्याचा अंगठा वापरला. यकीमला वाटतं तो माझ्या लेकीवर दया करतोय. मलाही तसंच वाटलं होतं. आमच्या दोघांच्या दयेमध्ये फरक एवढाच की माझी उघडी पडली.

तुमच्या कामात अर्धवट घाव कसा दिसतो ते तुम्हाला माहीत आहे. वर झावळी, खाली सम्राटाचा कान. यकीम, तू आता तसाच अर्धा घाव मारून बसला आहेस. वर तुझा शब्द आणि खाली त्याची भीती. पहिला घाव चुकला तो कोणालाही चुकेल. पण ठशावर धरलेलं नाणं दुसरा घाव न घालता कोण सोडतं? पलत्याकाकाला विचार.

आणि विधवा व्हायचं काय असतं ते मला शिकवू नकोस. मी आठ वर्षं विधवा आहे. त्याआधी बारा वर्षं बायको होते. त्या आठ वर्षांच्या भीतीने मी ती बारा सोडली नसती. हे तेहिनाला मी सांगितलं नाही, तिने मला सांगितलं. मग मला आठवलं.

नाणं तिच्या गळ्यात आहे. ते तुझंच आहे, कारण तू दिलंस ते दिलंच गेलं नव्हतं. तू येशील त्या दिवशी ती दोऱ्यातून काढून तुझ्या हातात देईल, एवढ्यासाठीच की तू ते तिला पुन्हा द्यावंस. ओबदा म्हणतो, डोंगराच्या वाटा बंद असल्या तरी समुद्र बंद नाही. तो ओढ्याच्या मुखाशी नाव घेऊन उभा राहील. झबदी आजोबा साक्षीदार म्हणून बसणार होते, पण आंधळ्याची साक्ष चालत नाही. त्यांनीच आठवण करून दिली आणि दोन डोळस माणसं शोधली. मी गोड करून ठेवीन. या वेळी नाणं उजेडात मी धरणार नाही.

यकीम, वल्हांडणाच्या सणाआधी, येत्या निसान महिन्याच्या पहिल्या दिवशी, सकाळी, झऱ्यावर. घण खाली ठेव आणि ये.

शेलामत्सियोन